सशामागचा ससेमिरा : नवशिक्या शिकाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

या मार्गदर्शिकेचा लाभ कुणी घ्यावा, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. ज्यानं आयुष्यात एकदा झुरळावर चप्पल फेकली आहे आणि तीही चुकली आहे, असा माणूस हा आमचा आदर्श विद्यार्थी. त्याच्याकडे बऱ्यापैकी कॉम्प्युटर हवा, ग्राफिक्स कार्डाचे हप्ते सुरू असावेत आणि ‘द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड’ हा खेळ त्यानं सेल लागल्यावर विकत घेतलेला असावा. ज्यांच्याकडे खरी बंदूक, खरं रान आणि खरा ससा या तिन्ही गोष्टी आहेत, त्यांनी पुढे वाचू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा माणसाला मार्गदर्शकापेक्षा वकिलाची गरज अधिक असते.

खेळाची तोंडओळख थोडक्यात. स्वीडनच्या अ‍ॅव्हलांच स्टुडिओजच्या एक्स्पान्सिव्ह वर्ल्ड्स या शाखेनं तो २०१७ च्या फेब्रुवारीत आणला. नावात शिकार असली तरी मुळात हा चालण्याचा खेळ आहे. जर्मनीतलं हिर्शफेल्डन, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातला लेटन लेक, आफ्रिकेतलं वुर्होंगा, स्पेनमधलं क्वात्रो कोलिनास, अशी कल्पनेतली पण झाडापानांसकट रचलेली रानं आहेत आणि त्यांतून तुम्ही चालता. बराच वेळ चालता. पायाखाली पाला वाजतो, वारा सुटतो, मावळतीचं ऊन गवतावर पडतं. जो माणूस कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर काढतो, तो इथे एका लेंडीच्या मागावर चार टेकड्या ओलांडतो. त्याबद्दल घरच्यांनी टोमणे मारले, तर ते वाजवी समजावेत.

आता मुद्द्याकडे. सशाच्या शिकारीला निघालं तरी वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, असं आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी सांगून ठेवलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याच शिस्तीत वाढलो. म्हणून तर दोन दिवसांच्या महाबळेश्वरला आपण चार बॅगा नेतो. या खेळात पाऊल टाकताना ही शिकवण दाराबाहेर ठेवावी. इथे सशाच्या शिकारीला वाघाची तयारी केली की सशाला काही सांगायची गरजच उरत नाही, तो जागच्या जागी मरतो. पण तुम्हाला त्यातून काही मिळत नाही. उलट खेळ तुम्हाला शिक्षा करतो, तीही लेखी.

त्याचं असं आहे. खेळातल्या प्रत्येक प्राण्याला एक क्लास दिलेला आहे, १ ते ९. ससे, बदकं, फेझंट ही मंडळी क्लास १ मध्ये. तांबडा कोल्हा आणि कायोटी क्लास २ मध्ये. रो हरीण तिसऱ्यात, रानडुक्कर पाचव्यात, मूस आठव्यात, आणि बायसनसारखी धिप्पाड मंडळी सर्वांत वर, नवव्यात. काडतुसांनाही याच हिशेबानं क्लास ठरवून दिले आहेत. प्राणी पडल्यावर तुम्ही त्याच्याजवळ जाता तेव्हा पडद्यावर पंचनामा उघडतो. काडतूस योग्य क्लासचं होतं का, दोनपेक्षा जास्त गोळ्या लागल्या का, गोळी मर्मस्थानी बसली का आणि ज्या अवयवावरून मानचिन्ह ठरतं तो शाबूत आहे का, असे चार प्रश्न. चारही उत्तरं बरोबर आली तर पदक, एखादं चुकलं की पदकाची पायरी घसरते. सोनेरी ससा रुपेरी होऊन हातात येतो. मंत्रालयातली फाइलसुद्धा याहून कमी शेऱ्यांनी परत येत असेल.

तेव्हा पहिला धडा : लहान जिवासाठी लहान काडतूस. हे ऐकायला सोपं आहे. अडचण ‘लहान’ कशाला म्हणायचं इथून सुरू होते.

नवशिक्या माणूस दुकानाच्या यादीत .२२ एलआर, .२२ हॉर्नेट, .२२३, .२४३ असे आकडे पाहतो आणि त्याला वाटतं, आपल्याला आकडे कळतात. हा समज पहिल्या सशापर्यंत टिकतो. हे आकडे गोळीची जाडी सांगतात, इंचाच्या अंशांत. .२२ म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस, साधारण साडेपाच मिलिमीटर. शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्यांना ही रायफल ‘पॉइंट टू टू’ या नावानं आठवेल. कॅम्पातल्या रेंजवर पालथं झोपून तिच्या गोळ्या झाडल्या असतील आणि आपल्या कागदावर भोकं कमी आणि शेजारच्याच्या कागदावर जास्त का, याचा विचार केला असेल.

आता .२२३ पाहा. इथे इंचाचे हजार भाग आणि त्यातले दोनशे तेवीस. म्हणजे जाडी जवळपास तीच. मग फरक कशात? फरक गोळीच्या मागे आहे. .२२ एलआरचं काडतूस बोटाच्या दोन पेरांएवढंही नसतं. त्यात चिमूटभर दारू आणि अडीच ग्रॅमच्या आसपासची गोळी, नळीतून निघताना वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरांच्या जवळपास. .२२३ ची गोळी वजनानं जेमतेम एखाद्या ग्रॅमनं जड, पण मागे दारू भरपूर, त्यामुळे वेग सेकंदाला हजार मीटरांच्या घरात. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो हे शाळेत शिकलेलं आठवत असेल, तर पुढचा हिशेब तुम्हीच करा. जवळपास दहापट. .२२ च्या जागी .२२३ आकडा दहापट मोठा दिसतो आणि ऊर्जाही दहापट निघते, हा निव्वळ योगायोग आहे. परीक्षेत असं उत्तर लिहू नये.

गोंधळ वाढवायला खेळात झारझा-१५ नावाची एक रायफल आहे. ती .२२ एलआर आणि .२२३ अशा दोन काडतुसांत मिळते आणि दोघी दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. एकीचं काडतूस क्लास १ चं, दुसरीचं दुसऱ्या क्लासपासून पुढे. घाईत चुकीची उचललीत आणि सशावर चालवलीत की पंचनाम्यात पहिल्याच प्रश्नाला लाल फुली. शिवाय ही रायफल काळी, कोनेरी आणि युद्धपटातून आल्यासारखी दिसते. एका सशासाठी एवढा आव आणावा का, हा ज्याच्या त्याच्या अभिरुचीचा प्रश्न आहे. आमच्या मते आणू नये.

.२२ एलआर या काडतुसाबद्दल थोडा आदर ठेवायला हवा, कारण वयानं ते मोठं आहे. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं ते १८८७ साली काढलं आणि आजतागायत ते बनतं आहे. याच्या बुडात मधोमध टोपी नसते. पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो आणि घोडा कडेवर आपटला की बार उडतो. त्यामुळे वापरलेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. ते स्वस्त, आवाजानं बेताचं आणि खांद्याला जवळजवळ न जाणवणारं आहे. ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचा जो प्रकार असतो, तो याच काडतुसानं खेळतात. तिथे लक्ष्याचं सर्वांत आतलं, दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये याच काडतुसावर विश्वविजेत्या झाल्या आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून कांस्यपदक आणलं. तुम्ही त्याच काडतुसानं तीस मीटरवरचा, टोपलीएवढा ससा चुकवणार आहात. तेव्हा खापर काडतुसावर फोडू नये.

आता खरेदी. इथे खेळानं एक मोठी गंमत करून ठेवली आहे. खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्या हातात .२४३ ची रेंजर रायफल दिली जाते. .२४३ हे १९५५ साली आलेलं काडतूस, हरणांसाठी उत्तम आणि सशासाठी सपशेल बाद, कारण त्याचे क्लास दुसऱ्यापासून सुरू होतात. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही हरीण मारू शकता, कोल्हा मारू शकता, पण ससा कायदेशीररीत्या तुमच्या ऐपतीबाहेर असतो. त्याच्यासाठी लागणारी लहान बंदूक घ्यायला पैसे हवेत आणि पैसे हवेत तर आधी मोठी जनावरं मारायला हवीत. दहा-बारा हरणं पाडावीत तेव्हा कुठे सशापर्यंत पोचावं. जगात इतरत्र माणूस लहानापासून सुरुवात करून मोठ्याकडे जातो. सशाच्या शिकाऱ्याला मात्र हरणांच्या पाठीवर पाय ठेवून खाली उतरावं लागतं.

या काळात धीर सोडून .२४३ नेच सशावर बार काढायचा मोह होईल. काढून पाहा, मनाई नाही. पुढे जे दिसेल ते वर्णन करण्याचं या मार्गदर्शिकेचं वय नाही.

पैसे जमले की प्रश्न येतो : .२२ एलआर घ्यावी की .२२ हॉर्नेट? हॉर्नेट हे अमेरिकेत १९३० च्या सुमारास बाजारात आलेलं काडतूस. जाडी तीच, पण मागे दारू अधिक, त्यामुळे गोळी लांबवर सरळ जाते. .२२ एलआरचं दुखणं म्हणजे ती लवकर दमते. पन्नास मीटरवर बसवलेला नेम शंभर मीटरला जवळजवळ वीतभर खाली येतो. ससा वीतभरच उंच. थोडक्यात, सशाच्या पाठीवर नेम धरला तर गोळी त्याच्या पायाखालची माती उडवते आणि ससा तुमच्याकडे एकदा बघून पुढच्या जिल्ह्यात जातो. हॉर्नेटवाल्याला हा हिशेब करावा लागत नाही, म्हणून हॉर्नेटवाले जरा ताठ चालतात. आमचा सल्ला मात्र नवशिक्यांनी .२२ एलआरच घ्यावी असा आहे. तिच्यामुळे जवळ जायची सवय लागते, आणि या खेळात ज्याला जवळ जाता येतं त्याला बाकी सगळं हळूहळू येतं. लांबून मारणारा माणूस पाच महिन्यांनीही लांबूनच मारत असतो.

एक गट असा आहे, जो म्हणतो : रायफल कशाला, शॉटगन घ्या, बारीक छऱ्यांचं काडतूस भरा, क्लास १ ला तेही चालतं, आणि नेमही फारसा धरावा लागत नाही. हे खरं आहे. उडत्या बदकाला तर दुसरा इलाजच नाही. पण सशाला छऱ्यांनी मारणाऱ्याशी रायफलवाले जरा अंतर राखून बोलतात. का, ते विचारू नये. प्रत्येक छंदात सोवळ्याची एक रेघ असते आणि ती कुणी आखली हे कधीच कळत नाही.

ससा शोधणं हा स्वतंत्र विषय आहे. लेटन लेकवर पांढऱ्या शेपटीचा जॅकरॅबिट मिळतो, क्वात्रो कोलिनासमध्ये युरोपीय ससा, वुर्होंगात झुडपी ससा. मिळतो म्हणजे असतो. दिसतोच असं नाही. हातातलं हंटरमेट नावाचं यंत्र माग दाखवतं, माग ताजा की शिळा तेही सांगतं. नवशिक्याला वाटतं, यापेक्षा सशाला बोलावून घ्यावं. दुकानात वेगवेगळ्या प्राण्यांच्या हाका काढणाऱ्या शिट्ट्या असतात. त्यांत एकीवर ‘जॅकरॅबिट’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. माणूस आनंदानं ती घेतो, झुडपामागे बसतो, फुंकतो. थोड्या वेळानं गवत हलतं. माणूस .२२ खांद्याला लावतो. गवतातून बाहेर येतो तो कोल्हा.

शिट्टीवर लिहिलेलं खोटं नाही. ती सशाचाच आवाज काढते, पण संकटात सापडलेल्या सशाचा. तो ऐकून दुसरा ससा कशाला येईल? येतो तो खाणारा. कोल्हा, कायोटी, लांडग्याच्या वाटेवरचे असले सगळे भाऊबंद. तुम्ही झुडपात बसून घंटा वाजवून पंगत वाढली आहे असं जाहीर करत असता आणि पानावर कोण बसायला येतं याचं तुम्हाला आश्चर्य वाटतं.

आता तुमच्या हातात .२२ आहे, क्लास १ ची, आणि समोर क्लास २ चा कोल्हा. इथे बहुतेकांचा तोल जातो. एवढासा कोल्हा, .२२ नं काय मरणार नाही, असं वाटून ते चाप ओढतात. कोल्ह्याला गोळी लागते, तो ओरडतो आणि पळतो. मग रक्ताच्या थेंबांमागे चालणं सुरू होतं. ओढा येतो, उतार येतो, सूर्य मावळतो, बॅटरी काढावी लागते. शेवटी कोल्हा सापडलाच तर पंचनाम्यात काडतूस कमी पडल्याचा शेरा. जास्त मोठं काडतूस चालत नाही तसं लहानही चालत नाही, हे शहाणपण इथे येतं आणि तोवर रात्रीचे दीड वाजलेले असतात. ज्यांना ही वेळ टाळायची आहे त्यांनी एक तर ती शिट्टी घेऊ नये, नाही तर पाठीवर दुसऱ्या क्लासची रायफलही बाळगावी. मग बदकं दिसली तर शॉटगन हवीच. पिशवीला वजनाची मर्यादा आहे, तेव्हा लवकरच तुम्ही तंबू टाकून, काडतुसं मोजून, काय नेऊ आणि काय ठेवू असा विचार करत गुदामासमोर उभे राहाल. सशांच्या शिकारीत हा भाग सर्वांत जास्त वेळ खातो आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

जवळ जाण्याची कला. वारा तुमच्याकडून सशाकडे वाहत असेल तर परत फिरा, दुसऱ्या बाजूनं या. चालताना आवाजाची खूण पडद्यावर वाढते, ती वाढू देऊ नका. पुस्तकी शिकारी सांगतात की पालथं झोपून सरपटत जावं, म्हणजे सावज सावध होत नाही. हरणाच्या बाबतीत ठीक आहे. सशाच्या बाबतीत पालथं झोपलं की समोर फक्त गवत दिसतं, कारण ससा गवताहून बुटका. उभं राहिलं तर ससा दिसतो आणि सशालाही तुम्ही दिसता. म्हणून गुडघे वाकवून, अर्धवट बसून जायचं. खुर्चीत बसून हे करायला काहीच कष्ट पडत नाहीत, तरीही पुष्कळ जण त्या वेळी स्वतःची पाठ वाकवतात आणि मान आत घेतात. लाजण्याचं कारण नाही, सगळेच करतात.

हेडफोन घालावेत, कारण ससा दिसण्याआधी त्याची खसखस ऐकू येते. हेडफोनमुळे घरातले आवाज ऐकू येत नाहीत, हा त्याचा तोटा की फायदा, हे घराघरावर अवलंबून. आमच्या ओळखीच्या एका आजींनी नातवामागे उभं राहून पाऊण तास ही शिकार पाहिली आणि शेवटी एकच विचारलं, “एवढं हिंडलास, मग शिजवतात कुठे?” या प्रश्नाला खेळ बनवणाऱ्यांकडेही उत्तर नाही. प्राणी उचलला की तो पैशात आणि गुणांत रूपांतरित होऊन नाहीसा होतो.

बार काढण्याविषयी फार लिहिण्यासारखं नाही. हृदय आणि फुप्फुसं पुढच्या पायाच्या मागे, खांद्याच्या आसपास असतात. मोठ्या जनावरात या जागा निवांत पसरलेल्या असतात. सशात यकृत, फुप्फुसं, हृदय सगळं तुमच्या तळव्यात मावेल एवढ्या जागेत कोंबलेलं आहे, वन रूम किचनमधल्या संसाराइतकं. त्यामुळे गोळी अंगाला लागली की काहीतरी महत्त्वाचं सापडतंच. हे नवशिक्याच्या सोयीचं आहे. चुकण्याची भीती असते ती अंग सोडून बाकी सगळ्या जगाला लागण्याची. पहिली चुकली तर लगेच दुसरी, तिसरी, चौथी असं करू नये. धावत्या सशावर गोळ्या सोडणं म्हणजे रानातल्या इतर सगळ्यांना आपला पत्ता कळवणं आहे.

शिवाय एकाच जागी पुन्हा पुन्हा शिकार केली की त्या भागावर दबाव चढतो, नकाशावर तिथे रंग गडद होतो आणि प्राणी ती जागा सोडून जातात. म्हणजे सशांचा एक चांगला माळ सापडला म्हणून रोज तिथेच जाऊन बसलात, तर काही दिवसांत माळ तुमचा आणि ससे दुसरीकडे. शहाणा शिकारी एक ससा मारतो आणि दोन टेकड्या पुढे जातो. ही शिस्त पाळणारे आम्ही अजून पाहिलेले नाहीत.

शेवटी पदकाबद्दल. हरणाचा मान शिंगांवरून ठरतो. सशाला शिंगं नाहीत, म्हणून त्याचा मान वजनावर. कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि त्याच्याही वर हिरा. हिऱ्याचा ससा म्हणजे नेहमीच्या सशाहून थोडा गुबगुबीत ससा, एवढंच, पण तो मिळाला की माणूस रात्री उठून पुन्हा एकदा पडदा उघडून बघतो. अशा सशाला पेंढा भरून ट्रॉफी लॉजमध्ये मांडता येतं. तिथल्या भव्य दालनात मूस, अस्वलं, बायसन यांच्यासाठी चौथरे राखलेले असतात. आपला ससा त्यांतल्याच एका मोठ्या चौथऱ्याजवळ ठेवावा आणि भोवती मोकळी जागा सोडावी. मित्र खेळायला आले की त्यांना फिरवत तिथपर्यंत न्यावं आणि स्वतःहून काही बोलू नये. कुणीतरी विचारतोच, “हा ससा इथे कशाला?” तेव्हा काडतुसाचं नाव सांगावं, अंतर सांगावं, वारा कुठून होता तेही सांगावं. वजन विचारलं तर किलोत सांगू नये, ग्रॅममध्ये सांगावं.